फोन अनलॉक, नेट सुसाट, पण कॉल लागत नाही! प्रीपेड कंपनी बदलण्याआधी नेमकं काय तपासायचं?

पावसाळी_ढग | शनिवार, सकाळी १०:१२

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होते, आता अडले म्हणून लिहितेय.

माझा नंबर बरीच वर्षं एका मोठ्या कंपनीकडे आहे, प्रीपेड. सेवेबद्दल तक्रार नाही, पण दर खेपेला रिचार्जचा आकडा वाढलेलाच असतो. म्हणून दुसऱ्या एका ब्रँडकडे जायचं ठरवलं. या ब्रँडचे स्वतःचे टॉवर नाहीत, एका दुसऱ्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क भाड्याने घेतात. प्लॅन चांगलाच स्वस्त. नंबर पोर्ट करायच्या आधी शहाणपणा केला आणि त्यांचं एक वेगळं नवं सिम घेऊन फोनच्या दुसऱ्या स्लॉटमध्ये घातलं.

नेट मस्त चालतं. पण कॉल केला की दोन-तीन सेकंद शांतता आणि मग कट. बाहेरून कुणी केला तर त्याला 'संपर्क क्षेत्राबाहेर' ऐकू येतं. रेंजच्या कांड्या मात्र पूर्ण!

फोन बहिणीने परदेशातून पाठवलेला आहे. अनलॉक आहे, नक्की, कारण जुन्या कंपनीचं सिम त्यात गेलं वर्षभर चालतंय. कस्टमर केअरशी दोन दिवस बोलतेय. 'फोन बंद करून चालू करा' याच्या पुढे गाडी सरकत नाही.

दोष सिमचा, फोनचा, की माझ्या नशिबाचा?

---

बिनधास्त_बंडू | शनिवार, सकाळी १०:३१

फोन अनलॉक असेल तर कुठलंही सिम चालतं. सिम खराब आहे, बदलून घ्या. विषय संपला.

---

मुक्काम_पोस्ट | शनिवार, सकाळी १०:४५

बंडूशेठ, नेट चालतंय म्हणतायत ना त्या? सिम खराब असतं तर नेट कुठून आलं असतं?

एपीएन बघा, म्हणजे नेटशी जोडायला फोनला लागणारी कंपनीची सेटिंग. माझं नेमकं उलटं झालं होतं, कॉल लागायचे आणि नेट ठप्प. भाड्याच्या नेटवर्कवरच्या ब्रँडचा एपीएन मूळ कंपनीपेक्षा वेगळा असतो आणि फोन बापडा मूळ कंपनीचाच धरून बसतो. हाताने भरला, चालू झालं.

---

खांबावरचा_माणूस | शनिवार, दुपारी १२:०५

पोस्ट, तुमचा अनुभव बरोबर, पण इथे नेट चालू आहे म्हणजे डेटाचा एपीएन ठीक आहे. दुखणं आवाजाचं आहे.

ढगताई, उत्तर देण्याआधी चार गोष्टी विचारतो. मी या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे प्रश्न विचारायची खोड आहे.

एक, जुन्या कंपनीच्या सिमवर कॉल चालू असताना वरच्या पट्टीतलं फोरजीचं चिन्ह तसंच राहतं, की बदलून एच (म्हणजे थ्रीजी) किंवा ई (म्हणजे टूजी) होतं? आणि बोलता बोलता नेट चालतं का?

दोन, नवं सिम पहिल्या स्लॉटमध्ये आणि जुनं दुसऱ्यात घालून पाहिलंत का? जुन्या दोन सिमच्या फोनांत दुसरा स्लॉट अनेकदा दुय्यम असायचा, फक्त टूजी किंवा थ्रीजीपुरता. आताच्या फोनांत हे कमी झालंय, पण तपासायला काही लागत नाही.

तीन, सेटिंगमध्ये नव्या सिमखाली व्होल्टेचं बटण दिसतं का? काही फोनांवर त्याला 'फोरजी कॉलिंग' किंवा 'एचडी व्हॉइस' म्हणतात.

चार, फोनचं नाव नको, मॉडेल नंबर हवा. सेटिंगमध्ये 'फोनबद्दल' मध्ये असतो. एकाच नावाने विकला जाणारा फोन वेगवेगळ्या देशांत वेगवेगळ्या पोटात येतो. शेवटचं एखादं अक्षर किंवा आकडा बदलला की आतले बँड बदललेले असतात.

---

पावसाळी_ढग | शनिवार, दुपारी १:२०

काका (काकाच ना? चुकलं तर माफ करा), तपासलं.

जुन्या सिमवर कॉल सुरू झाला की चिन्ह ई होतं आणि नेट बंद पडतं! वर्षभर हा फोन वापरतेय, कधी लक्षातच आलं नाही. मला वाटायचं बोलताना नेट बंद होणारच.

स्लॉट उलटे करून पाहिले, नव्या सिमची तीच रड.

व्होल्टेचं बटण दोन्ही सिमखाली नाही. करड्या रंगातही नाही, मुळातच नाही.

मॉडेल नंबर व्यनि (व्यक्तिगत निरोप) केलाय.

---

खांबावरचा_माणूस | शनिवार, दुपारी ३:५०

काकाच. चालेल.

रोग कळला. जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न इथे वेगवेगळ्या कपड्यांत वारंवार येतो.

फोरजी नेटवर्क जन्मतःच निव्वळ डेटासाठी आहे. टूजी-थ्रीजीत आवाजासाठी वेगळी वाट राखलेली असायची, फोरजीत ती वाटच नाही. मग फोरजीवर बोलायचं कसं? दोन मार्ग. एक, आवाजाचीही डेटासारखी पाकिटं करून पाठवायची, तेच व्होल्टे. दुसरा, कॉल आला की फोनने फोरजी सोडून तात्पुरतं टूजी किंवा थ्रीजीवर उतरायचं, बोलणं झालं की परत वर चढायचं. तुमचा फोन वर्षभर हा दुसरा उद्योग करत होता. जुन्या कंपनीचं टूजी अजून चालू आहे, म्हणून निभावलं. चिन्ह ई होतं ते त्यामुळेच.

नव्या ब्रँडच्या मागे जी मोठी कंपनी आहे, तिच्याकडे उतरायला खालचा मजलाच नाही. फोन कॉलसाठी खाली पाय टाकतो, पायरी नाही, कॉल पडला. येणाऱ्या कॉलचंही तेच. कांड्या पूर्ण दिसतात, कारण त्या फोरजीच्या आहेत.

हे फक्त तुमच्याकडे घडतंय असं नाही. जिओने २०१६ साली सुरुवातच निव्वळ फोरजीवर केली. तेव्हा व्होल्टे नसलेल्या फोनांना कॉलसाठी वेगळं अ‍ॅप घ्यावं लागायचं. अमेरिकेत एटी अँड टीने २२ फेब्रुवारी २०२२ रोजी थ्रीजी बंद केलं, व्हेरायझनने त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला आपलं सीडीएमए, म्हणजे वेगळ्या तंत्रावरचं जुनं नेटवर्क, आवरलं. नेट धडधाकट आणि आवाज गेलेला, असे कितीतरी फोन तेव्हा लोकांच्या हातात राहिले.

आता मुद्दा असा, की तुमच्या फोनचं हार्डवेअर व्होल्टे करू शकतं. मॉडेल नंबर पाहिला, चिप उत्तम आहे. पण व्होल्टे नुसतं चिपवर होत नाही. प्रत्येक कंपनीची आवाजाची यंत्रणा थोडी वेगळी, म्हणून फोन बनवणारा प्रत्येक कंपनीसाठी सेटिंगची एक पुडी फोनच्या सॉफ्टवेअरमध्ये बांधून देतो. सिम घातलं की फोन विचारतो, 'तू कोणाचं?' पुडी सापडली तर व्होल्टेचं बटण दिसतं, नाही सापडली तर बटणच लपवून ठेवतो. परदेशी बाजारासाठी बनलेल्या फोनात आपल्या कंपनीची पुडी असेलच असं नाही. काही कंपन्या त्यांच्या बाजूनेही यादी ठेवतात आणि यादीत नसलेल्या मॉडेलला व्होल्टे देत नाहीत.

बंडूशेठ, अनलॉकचा अर्थ एवढाच, की दाराला कुलूप नाही. आत कोण राहतं त्याचा कुलपाशी संबंध नाही.

---

बिनधास्त_बंडू | शनिवार, दुपारी ४:०२

माघार घेतो. पण मग अनलॉक फोनला काय अर्थ उरला? लोक त्याच्यासाठी एवढं भांडले.

---

सरळसोट | शनिवार, दुपारी ४:४०

अर्थ आहे हो. कॅनडात १ डिसेंबर २०१७ पासून नवे फोन कुलपाविना द्यावे लागतात, ब्रिटनमध्ये डिसेंबर २०२१ पासून कंपन्यांना कुलूपवाले फोन विकता येत नाहीत. त्यामुळे फोनचे पैसे फिटले तरी त्याच कंपनीला बांधून राहायची सक्ती गेली. पण कुलूप ही चाळणीची पहिलीच जाळी. तिच्यापुढे बँड, मग आवाज, मग सिम. चारीतून फोन पडला पाहिजे.

---

चिंगी | शनिवार, संध्याकाळी ६:१५

बँडचं कुणीतरी माणसाच्या भाषेत सांगा ना. दर वेळी 'बी थ्री, बी ट्वेंटी एट' म्हणत पळून जातात.

---

सरळसोट | शनिवार, रात्री ८:३०

प्रयत्न करतो.

बँड म्हणजे लहरींचा ठरवून दिलेला पट्टा. सरकार कंपनीला पट्टे विकतं, कंपनी त्यावर टॉवर चालवते. फोनला तो पट्टा ऐकू यायला हवा, नाहीतर टॉवर कितीही ओरडला तरी हा बहिरा. आकडे रांगेने लावलेले नाहीत, त्यामुळे गोंधळ होतो: बँड १ म्हणजे २१०० मेगाहर्ट्झ, ३ म्हणजे १८००, ५ म्हणजे ८५०, ८ म्हणजे ९००, २८ म्हणजे ७०० आणि ४० म्हणजे २३००. यात तर्क शोधू नका. पाठ करायचीही गरज नाही.

ध्यानात ठेवायची गोष्ट वेगळी आहे. मेगाहर्ट्झचा आकडा लहान तेवढी लहर लांब. ७०० ची लहर साधारण ४३ सेंटिमीटर लांब, २३०० ची १३. लांब लहर दूरवर पोचते, भिंतीतून बऱ्यापैकी शिरते. आखूड लहरींच्या पट्ट्यात सहसा जागा जास्त मिळते, म्हणून वेग मिळतो, पण ती भिंतीपाशी दमते. म्हणून कंपन्या दोन्ही ठेवतात, मोकळ्यावर वेगासाठी मोठा आकडा आणि तळघर-लिफ्ट-रानासाठी छोटा.

फसगत इथे होते. तुमचा फोन कंपनीचे तीन बँड ऐकतो आणि चौथा, छोट्या आकड्याचा, ऐकत नाही. घराबाहेर चाचणी केली की सगळं झकास. आतल्या खोलीत गेलात की रेंज गुल. मग लोक नेटवर्कला शिव्या घालतात, शेजाऱ्याचा फोन त्याच खोलीत त्याच कंपनीवर चालत असतो. म्हणून फोनच्या बँडची यादी आणि कंपनीच्या बँडची यादी शेजारी ठेवून बघताना छोट्या आकड्यांपासून सुरुवात करा.

फाइव्हजीत आकड्याआधी 'एन' लागतो, बाकी गणित तेच. तिथे आणखी एक मेख. काही कंपन्यांचं फाइव्हजी फोरजीच्या खांद्यावर बसून चालतं, काहींचं स्वतंत्र. फोनला बँड ऐकू येतो म्हणजे त्या कंपनीचं फाइव्हजी मिळेलच, असं नाही. तिथेही पुडी लागते.

---

चिंगी | शनिवार, रात्री ८:४१

समजलं! पहिल्यांदाच. आमच्या आतल्या खोलीचं कोडंही सुटलं.

---

वाचून_गप्प | शनिवार, रात्री ९:१०

आणखी एक चोर सांगतो, कुणाच्या डोक्यात येत नाही. सिमच जुनं असणं. टूजीच्या काळातलं खरंखुरं जुनं सिम असेल तर फोरजी नेटवर्क त्याला दारात उभंच करत नाही, फोन कितीही नवा असो. फोरजीला यूसिम, म्हणजे थ्रीजीपासून आलेलं नव्या धर्तीचं सिम, लागतं. आमच्या वडिलांच्या फोनवर कायम ई दिसायचं, आम्ही फोन बदलला, मग पुन्हा बदलला. शेवटी त्याच नंबरचं नवं सिम आणलं आणि दहा मिनिटांत फोरजी. कात्रीने कापून नॅनो केलेलं सिम वापरणाऱ्यांनी जरा मनाशी वय मोजावं.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ७:२५

तांत्रिक बाजू जाणकारांनी मांडली. मी पैशाच्या बाजूने बोलतो, कारण मूळ दुखणं 'स्वस्त प्लॅन' हे आहे.

स्वस्त म्हणजे किती दिवसांचा स्वस्त? २८ दिवसांचा प्लॅन महिन्याचा समजू नका. ३६५ ला २८ ने भागा, १३ येतात. म्हणजे वर्षाला १२ नाही, १३ रिचार्ज. दोन प्लॅनची तुलना करताना रिचार्जची किंमत भागिले दिवस, असा दिवसाचा भाव काढा. मगच स्वस्त-महाग म्हणा.

दुसरं, रोजचा कोटा की एकगठ्ठा? रोज दीड जीबी म्हणजे २८ दिवसांत ४२ जीबी, ऐकायला भरपूर. पण न वापरलेला रात्री बारा वाजता पाण्यात. ज्याला एरवी काही लागत नाही आणि रविवारी सगळं लागतं, त्याला एकगठ्ठा २० जीबी जास्त पुरतो.

तिसरं, 'अमर्यादित' खालची बारीक अक्षरं. कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएस. याचा अर्थ सेकंदाला ८ किलोबाइट. २ एमबीचा एक फोटो यायला चार मिनिटांहून जास्त. याला नेट चालू आहे म्हणणं म्हणजे ठिबकणाऱ्या नळाला पाणीपुरवठा म्हणणं.

अवांतर: रिचार्ज करायचं प्रीपेड पहिल्यांदा पोर्तुगालमध्ये १९९५ साली आलं असं म्हणतात. बिल बुडवणाऱ्यांची भीती नको, पत तपासायला नको, म्हणून कंपन्याही खूश आणि गिऱ्हाईकही. आधी पैसे देणारं गिऱ्हाईक आपण, तरी वागणूक मात्र उधारीवाल्यापेक्षा खालची, हे माझं जुनं दुखणं.

---

मुक्काम_पोस्ट | रविवार, सकाळी ८:०५

वर्षभराचा प्लॅन घ्या, कटकटच नको. दिवसाचा भावही कमी पडतो.

---

हिशेबनीस | रविवार, सकाळी ८:३०

भाव कमी पडतो, मान्य. पण नव्या कंपनीकडे जाताना पहिलाच रिचार्ज वर्षाचा? ढगताईंनी तसं केलं असतं तर आज बोलता न येणारा फोन आणि अकरा महिने शिल्लक. पहिला रिचार्ज कायम सगळ्यात लहान. वर्षाचा प्लॅन हे लग्न आहे, आधी बघण्याचा कार्यक्रम तरी होऊ द्या.

---

मुक्काम_पोस्ट | रविवार, सकाळी ८:३४

हे पटलं. :)

---

खांबावरचा_माणूस | रविवार, सकाळी ११:४०

'वागणूक खालची' म्हणालात, त्याला तांत्रिक नाव आहे हिशेबनीस. फोरजीत प्रत्येक डेटाच्या वाहतुकीला क्यूसीआय नावाचा क्रमांक चिकटवलेला असतो. इंटरनेटसाठी ६ ते ९ मधला वापरतात, ९ रांगेत शेवटी. बऱ्याच कंपन्या आपल्या महागड्या गिऱ्हाइकाला वरचा आकडा देतात आणि भाड्याच्या ब्रँडला किंवा स्वस्त प्रीपेडला ९. टॉवर रिकामा असताना काही फरक कळत नाही. पहाटे वेग तपासलात तर दोघांचा सारखा. पण स्टेडियम, जत्रा, संध्याकाळची गाडी अशा ठिकाणी ८ वाल्याचं चालतं आणि ९ वाल्याचं चाक फिरत राहतं. म्हणून वेगाची चाचणी पहाटे करू नका, गर्दीत करा.

व्होल्टेच्या आवाजाला यातून सूट असते, त्याची रांगच वेगळी. गर्दीत नेट मेलं तरी कॉल लागतो तो त्यामुळे.

आता ढगताई, एक प्रयोग करून बघाल? ज्या मोठ्या कंपनीचं नेटवर्क हा ब्रँड भाड्याने घेतो, त्या कंपनीचं थेट सिम कुणाकडून तरी दहा मिनिटं मागून तुमच्या फोनात घाला. व्होल्टेचं बटण येतं का ते सांगा. मला एक शंका आहे.

---

पावसाळी_ढग | रविवार, संध्याकाळी ७:१८

काका, तुम्ही ज्योतिषी आहात का?

ऑफिसातल्या मैत्रिणीचं सिम घातलं. एक मिनिटात बटण आलं, चालू करून कॉल लावला, फोरजीचं चिन्ह तसंच, आवाज तर इतका स्वच्छ की ती म्हणाली शेजारी बसून बोलतेयस का. परत ब्रँडचं सिम घातलं, बटण गायब.

टॉवर तोच, फोन तोच, खुर्चीसुद्धा तीच! मग हे काय गौडबंगाल?

---

खांबावरचा_माणूस | रविवार, रात्री ९:५५

हीच शंका होती.

फोन सिमला 'तू कोणाचं?' विचारतो म्हणालो. सिम आधी आपला ग्राहक क्रमांक सांगतं. त्याचे पहिले तीन आकडे देशाचे, पुढचे दोन किंवा तीन कंपनीचे. भाड्याच्या ब्रँडचे हे आकडे बहुतेक वेळा मालकाचेच असतात, कारण नेटवर्क त्याचंच. मग दोघांत फरक कसा करायचा? सिमवर आणखी एक छोटी नोंद असते, गटाची ओळख, जीआयडी. फोन तीही वाचतो. आकडे मालकाचे, पण गट भाडेकरूचा, असं दिसलं की फोन मालकाची पुडी न उघडता भाडेकरूची शोधतो. तुमच्या फोन बनवणाऱ्याने मालकाची पुडी बांधलीय, भाडेकरूची बांधलेली नाही. म्हणून एकाच टॉवरखाली एकाचा कॉल लागतो, दुसऱ्याचा नाही.

पटवायचं असेल तर डायलरवर *#*#४६३६#*#* दाबा. सगळ्या अँड्रॉइडवर उघडत नाही, उघडलं तर फोनच्या माहितीत आयएमएसची, म्हणजे व्होल्टेमागच्या आवाजाच्या यंत्रणेची, स्थिती दिसते. मैत्रिणीच्या सिमवर 'नोंदणी झाली' असेल, तुमच्यावर 'नाही'. तिथली बाकीची बटणं चाळवू नका.

आवाजही तुम्हाला उगीच स्वच्छ वाटला नाही. जुना कॉल साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढाच आवाज नेतो, व्होल्टेचा एचडी आवाज ५० ते ७००० नेतो. 'स' आणि 'फ' मधला फरक त्या वरच्या भागात असतो.

---

चिंगी | रविवार, रात्री १०:०३

मग वायफाय कॉलिंगने भागणार नाही का? घरी वायफाय आहेच.

---

खांबावरचा_माणूस | रविवार, रात्री १०:१५

नाही. ते व्होल्टेचंच भावंड, तीच यंत्रणा, तीच पुडी. पुडी नाही तर दोन्ही नाहीत.

---

नवखा_प्रवासी | सोमवार, सकाळी ९:२०

मध्येच घुसतो. इ-सिमने हे सगळं सोपं होतं का? माझ्या फोनात आहे, तो वापरू की प्लास्टिक?

---

सरळसोट | सोमवार, सकाळी १०:०५

चाचणीपुरतं इ-सिम सोयीचं. क्यूआर कोड स्कॅन करायचा, जुनं सिम काढायलाही नको. काही कंपन्या चाचणीचं इ-सिम देतात. पण व्होल्टे, बँड, पुडी हे प्रश्न तसेच राहतात. सिम फक्त प्लास्टिकमधून निघून फोनच्या पोटात गेलं.

तोटा असा, की ढगताईंनी मैत्रिणीचं सिम मागून घेतलं तसं इ-सिम उसनं मागता येत नाही. फोन मेला तर काढून दुसऱ्यात घालता येत नाही. आणि बऱ्याच ठिकाणी तो क्यूआर एकदाच चालतो. फोन रीसेट करताना 'इ-सिमही पुसू का' विचारतो, तिथे घाईत हो म्हणालात तर नवा कोड मिळेपर्यंत नंबरविना बसावं लागतं. मी बसलोय, दीड दिवस.

जाताजाता: काही फोनांत आता प्लास्टिक सिमला जागाच नसते. आयफोन १४ अमेरिकेत २०२२ पासून तसाच विकला गेला. बाहेरून फोन मागवणाऱ्यांनी ट्रे आहे की नाही ते आधी विचारावं.

---

वाचून_गप्प | सोमवार, सकाळी १०:४०

बाहेरून मागवणाऱ्यांनी आयएमईआयचंही, म्हणजे फोनच्या स्वतःच्या ओळख क्रमांकाचंही, बघावं. *#०६# दाबलं की १५ आकडे दिसतात, दोन सिमच्या फोनात असे दोन संच. वापरलेला फोन असेल तर पैसे द्यायच्या आधी तो क्रमांक चोरीच्या यादीत नाही ना ते तपासा. काही देशांत तर धडधाकट फोनही नोंदणीविना बंद होतो. तुर्कस्तानात बाहेरून आणलेला फोन तिथल्या सिमवर १२० दिवस चालतो, मग नोंदणी करा नाहीतर बंद.

---

बिनधास्त_बंडू | सोमवार, दुपारी १:१५

मला एक सांगा, कॉल कोण करतो आता? सगळे अ‍ॅपवरून बोलतात. नेट चालतंय ना, मग ढगताईंनी तोच स्वस्त प्लॅन ठेवावा की.

---

खांबावरचा_माणूस | सोमवार, दुपारी २:३०

आपत्कालीन क्रमांक अ‍ॅपवर नसतो, बंडूशेठ.

ऑस्ट्रेलियाचं सांगतो. २८ ऑक्टोबर २०२४ ला तिथे टेल्स्ट्रा आणि ऑप्टसने थ्रीजी बंद करायला घेतलं. त्याआधी लक्षात आलं, की काही फोन असे आहेत की साधा कॉल व्होल्टेवर करतात, पण आणीबाणीचा ०००, तेवढा मात्र थ्रीजीवरूनच लावायला जातात. रोज वापरणाऱ्याला कधीच कळणार नाही असा दोष, कळेल तो नेमका नको त्या दिवशी. सरकारने नियम केला, की असे फोन कंपन्यांनी नेटवर्कवर घ्यायचेच नाहीत. धडधाकट दिसणारे फोन बंद झाले, लोक चिडले, त्यातले अनेक बाहेरून आणलेले होते. पण मला तो निर्णय बरोबर वाटतो.

---

बिनधास्त_बंडू | सोमवार, दुपारी २:४४

हे माहीत नव्हतं. दुसरी माघार. या धाग्यावर मी माघारीचाच रिचार्ज मारलाय.

---

हिशेबनीस | सोमवार, दुपारी ३:०५

दोन सिमवाल्यांना मधला मार्ग आहे. जुनं सिम कॉलपुरतं सगळ्यात लहान रिचार्जवर जिवंत ठेवायचं आणि डेटा नव्याचा. मात्र दोन्हीचा दिवसाचा भाव मिळवून बघा, बऱ्याचदा एकाच चांगल्या प्लॅनएवढा होतो. शिवाय वैधतेच्या दोन तारखा सांभाळायच्या. प्रीपेड नंबर फार काळ रिकामा राहिला तर कंपनी काढून घेते आणि पुढे दुसऱ्याला देते. मग तुमचे बँकेचे ओटीपी त्याच्या फोनवर.

---

पावसाळी_ढग | गुरुवार, रात्री ८:५०

मंडळी, निकाल सांगायला आले.

दोन दिवस डोकं खाजवल्यावर सुचलं, की ब्रँडचं सिम माझ्याच फोनात कशाला? आईचा फोन इथेच घेतलेला, साधा आहे. त्यात घातलं, व्होल्टेचं चिन्ह लगेच. तिच्याकडून तुमच्या सांगण्याप्रमाणे सगळं करून घेतलं: कॉल केला, कॉल घेतला, बोलताना नेट, आतली खोली, लिफ्ट, संध्याकाळची गर्दी. गर्दीत नेट रडतं, पण आईला त्याचं काही नाही, तिला बोलायचं असतं. तिचा नंबर ब्रँडकडे पोर्ट केला. वैधता आठवडाभर शिल्लक असताना केला, म्हणून घाई झाली नाही. एक रात्र ओटीपी येत नव्हते, तेवढंच.

मी मात्र थेट मोठ्या कंपनीचं प्रीपेड घेतेय, मैत्रिणीच्या सिमवर चाललं होतं म्हणून. भाड्याच्या ब्रँडएवढं स्वस्त नाही, पण जुन्यापेक्षा दिवसाचा भाव कमीच पडतो. पहिला रिचार्ज सगळ्यात लहान मारलाय, हिशेबनीस!

फोन बनवणाऱ्या कंपनीलाही लिहिलं, की या ब्रँडची पुडी पुढच्या अपडेटमध्ये घाला. 'आपली सूचना नोंदवली आहे' असं उत्तर आलं. असो.

आता एकच नवं संकट. आईच्या फोनमधले निम्मे नंबर उडाले! मावशी, डॉक्टर, गॅसवाला, सगळे गायब. ती मला बोल लावतेय.

---

वाचून_गप्प | गुरुवार, रात्री ९:०२

ते उडाले नाहीत, जुन्या सिमवर आहेत. पूर्वी नंबर सिमवर साठवायची पद्धत होती. जुनं सिम फेकलं नाही ना?

---

पावसाळी_ढग | गुरुवार, रात्री ९:०५

थांबा, विचारते.

---

पावसाळी_ढग | गुरुवार, रात्री ९:२१

सुयांच्या डबीत सापडलं. पण आता ते बंद झालंय ना?

---

वाचून_गप्प | गुरुवार, रात्री ९:२४

सेवा बंद झाली, नंबर तसेच राहतात. दुसऱ्या स्लॉटमध्ये घाला, कॉन्टॅक्टच्या सेटिंगमध्ये 'सिमवरून आयात करा' म्हणून असतं. सगळे फोनमध्ये आले की आधी मावशीला फोन लावून द्या.

---

पावसाळी_ढग | गुरुवार, रात्री ९:४८

आले! १८३ नंबर. मावशीशी बोलणं सुरू आहे, वीस मिनिटं तरी फोन मिळणार नाही.